सत्तरीच्या आतले

ते सोनेरी कार्ड घरी आलं तेव्हा आम्ही डोंबिवलीत, पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. माझे यजमान माजिवड्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. नुकतीच बढती मिळाली होती. एका परदेशी बँकेचा टाय लावलेला माणूस कंपनीच्या कँटीनमध्ये टेबल मांडून बसला आणि बढतीवाल्या सगळ्यांचे अर्ज भरून घेऊन गेला. महिन्याभरात कुरिअरने पाकीट आलं. आत जाड कागदावर चिकटवलेलं कार्ड, सोनेरी रंगाचं, त्यावर यजमानांचं नाव उठावाच्या अक्षरांत. ते बोट फिरवून फिरवून नाव वाचत होते. मला मात्र ते हातातसुद्धा घ्यावंसं वाटेना.

मला भीती वाटायची, हे सरळच सांगते. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका गृहस्थांनी असंच कार्ड घेतलं होतं आणि पुढे पैसे थकल्यावर त्यांच्या दारात वसुलीची दोन माणसं येऊन उभी राहायची. मोठ्याने बोलायची नाहीत, नुसती उभी राहायची. मी शाळेतून शिकवून परत येताना ती दिसायची. त्यामुळे यजमान ऑफिसला गेले की मी ते कार्ड कपाटात साड्यांच्या खाली सरकवून ठेवायची आणि संध्याकाळी ते हसत बाहेर काढायचे.

"अगं, ते काय चावतंय का?"

"चावत नाही म्हणूनच भीती वाटते," मी म्हणायची.

घरात आम्ही चौघं. आम्ही दोघं, चौथीतली लेक आणि माझे सासरे, आबा. आबांनी उभी हयात मोहन्याच्या कारखान्यात काढली. निवृत्त झाल्यावर सासूबाई गेल्या आणि ते आमच्याकडे आले. सकाळी लवकर उठून आंघोळ करायचे, बुद्धाच्या तसबिरीसमोर उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि मग चहा घ्यायचे. बोलणं कमी. पण बोलले की समोरच्याला ते ऐकूनच घ्यावं लागायचं, अशा आवाजात बोलायचे. पन्नास वर्षं कल्याणजवळ राहूनही महाडकडची बोली त्यांनी सोडली नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कार्डाच्या बिलासोबत एक गुळगुळीत पुस्तिका आली. सिंगापूरहून निघणारी बोट, मलेशियातल्या पेनांग बेटापर्यंत जाऊन परत. सोनेरी कार्डवाल्यांसाठी खास सवलत होती. केबिनमधल्या दोघांचं भाडं कार्डावर भरलं की त्याच केबिनमध्ये घरचे आणखी दोघं फुकट. खिडकीची केबिन साध्या केबिनच्या भावात. विमानतळावर बसायला वेगळी खोली. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, सगळ्या कुटुंबाचा प्रवासाचा आणि आजारपणाचा विमा.

यजमानांनी ते मोठ्याने वाचलं. लेक उड्या मारायला लागली. मी पोळ्या लाटत होते, हात थांबला.

माझं माहेर शहाडचं, उल्हास नदीच्या अगदी कडेला. मी लहान असताना एका पावसाळ्यात नदी आमच्या आळीत शिरली होती. शेजारची मावशी कोंबड्यांची खुराडी काढायला गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत पाय घसरून वाहून गेली. पाणी तिच्या कमरेपर्यंतही नव्हतं, ओढ मात्र होती. तेव्हापासून मी नदीच्या पुलावरून जाताना खाली बघत नाही. आणि आता हे मला समुद्रावर राहायला नेणार होते. तेही फुकट मिळतंय म्हणून.

"आबांना या वयात कुठे नेता?" मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "मी येतो की. बोट बघायची हाय मला."

झालं. माझी एकमेव सबब तिथेच संपली.

बुकिंगला आम्ही ठाण्याला गेलो, स्टेशनपासून जवळच एका ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर बर्फाचे डोंगर. एजंटने कार्ड घेतलं, एका यंत्राखाली ठेवून वरून दांडा सर्रकन फिरवला आणि कार्बनच्या चिठ्ठीवर यजमानांची सही घेतली. मग त्याने पासपोर्ट चाळले आणि आबांच्या पासपोर्टवर थांबला.

"आजोबांचं वय?"

"अडुसष्ट," यजमान म्हणाले.

"मग ठीक. कार्डाचा विमा सत्तरीच्या आतल्यांनाच लागू होतो. वर असते तर वेगळा काढावा लागला असता, आणि या वयात कंपन्या सहसा देतही नाहीत."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "माजं वय..."

"आबा, पासपोर्टवर आहे ते," यजमानांनी त्यांना मध्येच तोडलं.

आबा काय सांगणार होते ते मला ठाऊक होतं. त्यांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी अंदाजाने एक जून लिहून टाकला होता. तेव्हा सगळ्यांचाच एक जून असायचा. पण आबांची आई नेहमी सांगायची, चवदार तळ्याला गावची माणसं निघाली तेव्हा हा माझ्या पोटात होता, म्हणून मला जाता आलं नाही. त्या हिशेबाने आबा सत्तरी ओलांडून एकाहत्तराव्यात चालत होते. ही गोष्ट त्यांनी आमच्या लेकीला कितीतरी वेळा सांगितली होती. सांगताना छाती जरा पुढे यायची.

परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "त्या पोराला खरं सांगायला पायजे व्हतं."

यजमान म्हणाले, "आबा, कुणाचं काही बिघडतंय का? चार दिवसांचा प्रश्न आहे. तुम्हाला काही होणार आहे का?"

मे महिन्यात निघालो. विमानतळावर कार्ड दाखवून यजमान आम्हाला त्या वेगळ्या खोलीत घेऊन गेले. मऊ गालिचा, मोठे सोफे, चहा-कॉफी, हवं ते खा. आबा सोफ्याच्या टोकाला बसले, पाठ न टेकता. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून विचारलं, "हितं बसलेलं चालतंय ना?"

"चालतं आबा. कार्डावर आहे."

"मंग तू का उभी हायस?"

मी खरंच उभी होते. कुणीतरी येईल आणि चला उठा म्हणेल असं मला सारखं वाटत होतं. आबांच्या शेजारी बसले, पण पर्स मांडीवर घट्ट धरून. आम्हा दोघांना एकच भीती वाटत होती आणि ती कुठून आली हे आम्हाला एकमेकांना सांगायची गरज नव्हती. यजमान आणि लेक मात्र मजेत सँडविच खात होते.

बोट सात-आठ मजल्यांच्या बिल्डिंगसारखी होती. चढताना मी खाली बघितलं नाही. केबिनमध्ये दोन पलंग, वर भिंतीतून उघडणारे दोन, आणि एक गोल खिडकी, जिच्यासाठी यजमानांनी एवढा आटापिटा केला होता. मी पहिल्याच तासात तिचा पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने भोंगा झाला आणि सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घालून डेकवर उभं केलं. बोट बुडायला लागली तर कुठे जमायचं, छोट्या नावेत कसं बसायचं, हे एक गणवेशातला माणूस हसत हसत शिकवत होता. लेकीचं जॅकेट तिच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी तिचा हात एवढा दाबला की ती ओरडली.

दुसरा दिवस सगळा समुद्रावरच होता. सकाळी आबा डेकवर लेकीला घेऊन कठड्याशी उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, पायात नवे बूट. शेजारच्या केबिनमध्ये उल्हासनगरच्या एक सिंधी बाई होत्या, त्यांच्याशी आबांचं हिंदीत छान जमलं होतं. मी आतल्या बाजूच्या खुर्चीतून हे बघत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं आलो.

दुपारी आबा जेवले नाहीत. पोट जरा दुखतंय म्हणाले. त्यांनी 'जरा' म्हटलं म्हणून आम्ही ओवा दिला. संध्याकाळी चहाच्या वेळेला मी केबिनमध्ये गेले तर ते कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडले होते. कपाळ तापलेलं, ओठ पांढरे. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. ते पंचशील म्हणत होते, संध्याकाळी. हे ते फक्त सकाळी म्हणायचे.

"आबा, किती दुखतंय?"

"सकाळपासनं दुखतंय पोरी. पोरीची मजा मोडंल म्हून बोललो न्हाई."

बोटीवरचा डॉक्टर युरोपातला होता. त्याने उजवीकडे खाली दाबून हात एकदम सोडला आणि आबा कळवळले. डॉक्टरने यजमानांना बाहेर बोलावलं. अपेंडिक्स. ऑपरेशन बोटीवर होणार नाही. सकाळी पेनांगला लागू तेव्हा थेट हॉस्पिटलमध्ये. तोपर्यंत सलाइन आणि इंजेक्शनं.

"तोपर्यंत फुटलं तर?" मी विचारलं.

डॉक्टरने खांदे वर केले. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

यजमानांनी कार्ड काढलं. पाठीमागे मदतीचा नंबर होता, मुंबईचा. बोटीच्या फोनवरून लावला. पलीकडून एक मुलगी बोलत होती, आवाज लांबून, थांबून थांबून येत होता. नाव, कार्डाचा नंबर, बोटीचं नाव. मग तिने वय विचारलं. यजमानांनी माझ्याकडे बघितलं नाही. "अडुसष्ट," म्हणाले. ती म्हणाली, हॉस्पिटलला आम्ही हमी पाठवू, तुम्ही पोचलात की तिथून फोन करा. फोन ठेवल्यावर यजमानांच्या कानाला रिसीव्हरचा गोल वळ उठला होता.

सकाळी अँब्युलन्स धक्क्यावर उभी होती. तिथला एक अधिकारी म्हणाला, आजारी माणसासोबत एकालाच बेटावर राहता येईल. बाकीच्यांनी बोट सुटायच्या आत परत यायचं. आमच्याकडे तिथला वेगळा व्हिसा नव्हता, बोटीचा पास तेवढा होता. लेकीला मी सिंधी बाईंच्या हवाली केलं. त्या म्हणाल्या, "बेटा, तू जा, इसकी चिंता मत कर." लेक रडली नाही. तिने फक्त आबांची टोपी मागून घेतली.

हॉस्पिटल स्वच्छ, पांढरं, टेकडीच्या उतारावर. यजमान काउंटरवर अडकले. कार्ड, पासपोर्ट, फोन. हमी येईपर्यंत ऑपरेशन थांबणार नव्हतं, पण हॉस्पिटलला कार्ड आपल्या ताब्यात हवं होतं. आबांना आत नेलं आणि त्यांची भाषा कळणारी, मोकळी अशी मीच, म्हणून मला सोबत घेतलं.

भूल देणारी डॉक्टर तिथलीच, तमिळ घरातली असावी. तरुण, सावळी, केस टोपीत. ती इंग्रजीतून विचारायची, मी आबांना मराठीतून, आणि उत्तर परत इंग्रजीत. दमा आहे का? नाही. दात खोटे आहेत का? वरचे. हृदयाचा त्रास? नाही. बिडी-सिगारेट? कारखान्यात असताना बिडी, आता नाही.

"वय?"

मी आबांना विचारलंच नाही. मी तोंड उघडलं होतं, अडुसष्ट म्हणायला. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो एक शब्द त्यांनी ओळखला असावा. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"एकाहत्तर सांग."

"आबा..."

"सांग. सुईतलं औषध वयावर ठरिवतात ना?"

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होती. बाहेर काउंटरवर यजमानांचा आवाज मला ऐकू येत होता. तेही बहुधा तेच वय सांगत असतील. मला वाटलं, मी एकाहत्तर म्हटलं तर विमा गेला. परदेशातलं ऑपरेशन, किती होईल कोण जाणे. आमच्या दारात ती दोन माणसं उभी राहतील, बोलणार नाहीत. आणि अडुसष्ट म्हटलं तर? भूल जास्त झाली तर? उघडलेल्या तोंडाचं काय करावं मला कळेना.

"काय म्हणतात ते?" डॉक्टरने विचारलं.

"सेव्हंटी वन," मी म्हटलं.

तिने लिहिलं, मान हलवली, आणि आबांच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. मग दारं हलली आणि आबा आत गेले.

मी बाहेर आले तेव्हा काउंटरवरची बाई दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघत होती. पासपोर्टची प्रत आणि आतून आलेला कागद. तिने बोट ठेवून यजमानांना विचारलं. ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी लग्नापासून ओळखते, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"तू सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं. मी फक्त भाषांतर केलं."

"आणि आता मी त्या मुंबईच्या मुलीला काय सांगू? हमी आली नाही तर? मी इथे एकटा, कार्ड यांच्याकडे, खिशात बोटीवर चहा पिण्यापुरते पैसे! तुला कळतंय का काय केलंयस?"

"जे आहे ते सांगा," मी म्हटलं. "आबा आत आहेत. बाकी काही मला कळत नाही."

ते फोनकडे गेले. तेवढ्यात बोटीचा माणूस आला. बोट सुटायची वेळ झाली होती. टॅक्सी खाली थांबली होती. मी म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत थांबते. तो म्हणाला, मॅडम, तुमची मुलगी बोटीवर आहे.

यजमान फोन जोडला जायची वाट बघत उभे होते, कानाला रिसीव्हर, डोळे बंद. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले, मान हलवली, जा म्हणून. काय झालं, हमी आली की नाही, त्यांनी काय सांगितलं, काहीच कळलं नाही. मी टॅक्सीत बसले.

बोटीवर लेक सिंधी बाईंच्या केबिनमध्ये टोपी घालून बसली होती. बाईंनी तिला जेवायला घातलं होतं. भोंगा झाला. पायाखालची जमीन थरथरली आणि मला एकदम काहीतरी झालं. मी लेकीचा हात धरून जिने चढत डेकवर गेले, थेट कठड्याशी. आदल्या दिवशी मी ज्या कठड्याच्या दहा हात आत बसले होते, तो दोन्ही हातांनी धरला. उन्हात टेकडी दिसत होती. पांढरी बिल्डिंग त्यातली कुठली हे मला ओळखता येईना. दोन-तीन होत्या. खाली पाणी फेसाळत मागे जात होतं. मी पाण्याकडे बघत होते, पण त्या वेळी त्याची भीती वाटायला मनात जागाच नव्हती. बेट लहान होत गेलं.

"आई, आबा मरणार का?"

"नाही."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी तिला जवळ ओढलं.

ती बोट मला मोठ्या रिकाम्या घरासारखी वाटली. खालच्या मजल्यावर गाणी चालू होती, लोक नाचत होते. जेवणाच्या हॉलमध्ये वेटरने आमच्या टेबलावर चार ताटं मांडली आणि मी बसल्यावर दोन उचलली. यजमान कुठे झोपतील, त्यांनी काही खाल्लं का, आबांना शुद्ध आली का, याचा विचार करून करून मी थकले की कार्डाचा विचार सुरू व्हायचा, आणि तो करताना स्वतःचाच राग यायचा. आबा तिथे पडलेत आणि मी बिलाचा विचार करतेय! पण भीतीला लाज नसते. ती दोन्हीकडून येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउडस्पीकरवरून आमच्या केबिनचा नंबर पुकारला. रिसेप्शनवर या. लेक सिंधी बाईंकडे होती. मी एकटीच निघाले. तो बोळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. दोन्हीकडे बंद दारं, खाली लाल गालिचा, आणि बोट किंचित डुलत असल्याने बोळही हळूच डावीकडे-उजवीकडे. मी भिंतीला हात लावत चालत होते. मला वाटत होतं, पोचूच नये. जोपर्यंत पोचत नाही तोपर्यंत आबा आहेत.

रिसेप्शनच्या बाईने रिसीव्हर पुढे केला.

"झालं," यजमानांचा आवाज आला. "फुटलं होतं. पण झालं. शुद्धीवर आहेत. पाणी मागतायत."

मी तिथेच काउंटरला धरून खाली बसले. बाई घाबरून बाहेर आली. मी हातानेच तिला सांगितलं, ठीक आहे, ठीक आहे.

"ऐकतेयस ना?" यजमान म्हणत होते. "मी सांगितलं त्या मुलीला. खरं वय. ती म्हणाली, सर, आम्ही पासपोर्ट बघतो, हमी पाठवते. पण क्लेमच्या वेळी चौकशी होऊ शकते. ऐकलंस का? चौकशी होऊ शकते."

सिंगापूरहून मी आणि लेक दोघीच परतलो. विमानतळावर त्या वेगळ्या खोलीवरून जाताना लेक म्हणाली, आत जाऊया ना. कार्ड पेनांगला होतं. आम्ही बाहेर बाकावर बसून बिस्किटं खाल्ली. यजमान आणि आबा आठवड्याभराने आले, आबा व्हीलचेअरमध्ये, खूप बारीक झालेले. लेकीने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली ती कानांपर्यंत खाली आली.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते दाराच्या बेलमुळे. बेल वाजली की मला ती दोन माणसंच आठवायची. दूधवाला असायचा, पेपरवाला असायचा, शेजारची साखर मागायला आलेली असायची. तरी मी आधी दुर्बिणीच्या भोकातून बघायची. हॉस्पिटलला हमीमुळे पैसे मिळाले होते, पण विमा कंपनीने नाही म्हटलं तर ते सगळं कार्डावर चढणार होतं. यजमान त्याबद्दल बोलायचे नाहीत. आबांवर रागावलेही नाहीत. फक्त रात्री जेवताना हात मध्येच थांबायचा.

पावसाळा सरता सरता एका शनिवारी दुपारी खरंच तो माणूस आला. विमा कंपनीचा. पन्नाशीचा, छत्री, रेक्झिनची बॅग. कल्याणहून दुसरी एक चौकशी उरकून आला होता. मी चहा ठेवला. माझ्या हातून साखरेचा डबा ओट्यावर सांडला आणि मी तसाच सोडला, कारण बाहेर आबा बोलायला लागले होते.

"साहेब, पासपोर्टवर वय कमी हाय. गुरुजींनी अंदाजानं टाकलंय. माजी आय सांगायची..." आणि त्यांनी चवदार तळ्याची ती गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून. कोण कोण गेलं, कुठल्या वाटेनं गेलं, आई दारात उभी राहून कशी बघत होती. यजमान खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत. गोष्ट संपेपर्यंत तो माणूस मध्ये बोलला नाही. पेनही उघडलं नाही.

मग म्हणाला, "काका, मला सरकारी कागद चालतो. शाळेचा दाखला, पासपोर्ट. दोन्हीवर एकच तारीख आहे, मी बघून आलोय. तुमच्या आईंनी काय सांगितलं ते मी ऐकलं. पण ते मला लिहून घेता येत नाही."

"पन खरं त्येच हाय."

"असेल. खोटा दाखला तुम्ही केलेला नाही ना?"

"न्हाई."

"मग झालं."

त्याने चहा घेतला, यजमानांच्या दोन सह्या घेतल्या आणि छत्री उघडत जिना उतरला. मी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. यजमान तसेच खिडकीकडे तोंड करून होते, त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं की ते हसतायत.

"चांगला मानूस हाय," आबा म्हणाले. "बिस्कीट न्हाई घेतलं पन."

दिवाळीच्या आधी विमा कंपनीने कळवलं, क्लेम मंजूर. यजमानांनी कार्ड पुढेही ठेवलं, पेट्रोलपुरतं वापरत राहिले. सहलींच्या पुस्तिका आल्या की मात्र न उघडता रद्दीत जायच्या. आबा आणखी काही वर्षं होते. कुणी विचारलं की शर्ट वर करून टाके दाखवायचे आणि वय मात्र न चुकता पासपोर्टपेक्षा जास्तच सांगायचे.

एकदा दुपारी भाजी निवडताना मी त्यांना विचारलं, "आबा, तिथे आत नेलं तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली की. लय वाटली. हितं मेलो तर माजं बोलनं कुनाला कळायचं, असं वाटलं." मेथीची काडी मोडत ते थांबले. "पन ती पोरगी डोक्यावर हात ठिवून काय काय बोलत व्हती. एक सबुद कळला न्हाई. मी म्हनलं, हिला खरं सांगितलंय, आता ही हाय आनि हिचं औषध हाय. मंग झोप लागली." पुन्हा काडी उचलली. "तुमची बोट सुटली ती मला कळलीच न्हाई बघ."

"मला कळली," मी म्हटलं.